कंपनी गेली, गाडी राहिली

नालासोपारा स्टेशनवर पूर्वेला उतरून तुळिंज रस्त्याला लागले, की पहिली पाच मिनिटे माणूस चालत नाही, गर्दीच त्याला चालवते. रिक्षा, हातगाड्या, भाजीवाले, शाळेच्या बस यांच्यातून वाट काढत आमच्या गल्लीत आलात, तर इमारतीच्या फाटकापाशी एक पांढरी, लांबुळकी, जराशी अवजड गाडी उभी दिसेल. ती आमची टवेरा. २००९ साली आम्ही तिघा भावांनी मिळून घेतली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यातले. म्हणून तिच्या पाटीवर अजून ठाण्याचा 'एमएच ०४' आहे. शेजारपाजारच्या नव्या गाड्या 'एमएच ४८' च्या, ही तेवढी जुन्या जिल्ह्याची राहिली.

२०२४ साली तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे वापरायची तर आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, हरितकर भरायचा आणि पाच वर्षांची मुदत वाढवून घ्यायची. नाही तर मोडीत काढायची. एका रविवारी सकाळी आमच्या घरी पोह्यांच्या बशा घेऊन याच विषयावर बैठक बसली. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, जिची कंपनीच देशात राहिली नाही, ती गाडी ठेवून काय करणार?" दादा, म्हणजे आमचे थोरले बंधू, काही बोलले नाहीत. वहिनी मात्र म्हणाल्या, "कंपनी गेली म्हणून आपले गणपतीला जायचे थांबले का?"

बैठक निर्णयाविना संपली, पण मुलाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ही कंपनी होती तरी कोण, आली कशी आणि गेली का, हे शोधत बसलो. तेव्हा कळले, की ती आपल्याकडे एकदा नव्हे, दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा मुंबई आणि महाराष्ट्र तिच्या वाटेवर होते.

घोडागाडीवाल्याची मोटार

जनरल मोटर्सची स्थापना १६ सप्टेंबर १९०८ ची, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावची. संस्थापक विल्यम ड्युरंट हा मूळचा घोडागाड्या बनवणारा. त्याने स्वतः मोटार घडवण्यापेक्षा दुसऱ्यांनी घडवलेल्या मोटारींच्या कंपन्या एकापाठोपाठ एक विकत घेण्याचा सपाटा लावला. दोन वर्षांत कर्ज इतके वाढले, की सावकारांनी त्याला बाजूला केले. गडी स्वस्थ बसणारा नव्हता. लुई शेव्हरोले नावाच्या, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या शर्यतपटूला हाताशी धरून त्याने १९११ साली नवी कंपनी काढली आणि तिच्या जोरावर जनरल मोटर्स पुन्हा हस्तगत केली. १९२० मध्ये ती दुसऱ्यांदा हातची गेली. म्हातारपणी हा माणूस फ्लिंटमध्ये चेंडूच्या खेळाचे एक सभागृह चालवत होता. ज्या शेव्हरोलेचे नाव कोट्यवधी गाड्यांवर लागले, तोही काही वर्षांतच कंपनी सोडून गेला होता.

कंपनी खऱ्या अर्थाने उभी केली ती आल्फ्रेड स्लोन याने. हेन्री फोर्ड सगळ्यांना एकच गाडी देत होता. स्लोनने जिना बांधला: पहिल्या पायरीवर शेव्हरोले, मग पाँटिअॅक, ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि माडीवर कॅडिलॅक. माणसाचा पगार वाढला, की त्याने एक पायरी वर चढायचे, पण घर मात्र तेच. आपल्याकडे सायकल, स्कूटर, मग छोटी गाडी असा जो संसार चढत जातो, त्यातले मर्म या माणसाने शंभर वर्षांपूर्वी हेरले होते. १९३० च्या सुमारास जनरल मोटर्सने फोर्डला मागे टाकले आणि २००८ साली टोयोटा पुढे जाईपर्यंत जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी म्हणून ती मिरवली.

शिवडीची शेव्हरोले

ही कंपनी मुंबईत आली १९२८ साली. शिवडीला तिने गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे, इथे ते जोडून मोटारी, ट्रक आणि बसचे सांगाडे तयार व्हायचे. संस्थानिकांपासून मालवाहतूकदारांपर्यंत सगळे गिऱ्हाईक. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी ती 'शेव्हरलेट'च होती. शेवटचा 'ट' न उच्चारण्याची फ्रेंच रीत आम्हाला फार पुढे दूरदर्शनवरच्या जाहिरातींनी शिकवली.

आमच्या वडिलांचे मामा एसटीत चालक होते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती बेडफर्ड बनावटीची. बेडफर्ड विलायतेतल्या व्हॉक्सहॉल कंपनीची आणि व्हॉक्सहॉल १९२५ पासून जनरल मोटर्सच्या मालकीची. एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्डबरोबर शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर अशी भलतीच आंतरराष्ट्रीय मांदियाळी होती. मामा सांगायचे, थंडीच्या दिवसांत पहाटे हँडल मारून इंजिन चालू करताना दंडात गोळे यायचे, आणि हँडल उलटे फिरले तर मनगटच जायचे. "पण एकदा धरली की मग बेळगावपर्यंत सोडायची नाही," असे म्हणताना त्यांच्या तोंडावर जे कौतुक असे, ते त्यांनी नातवंडांचेही कधी केल्याचे आठवत नाही.

मग ही कंपनी गेली का? स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण ठरले, की नुसते परदेशी भाग जोडून चालणार नाही, गाडी इथे बनली पाहिजे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, ज्यांच्याकडे इथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही त्यांना गाशा गुंडाळण्यास सांगण्यात आले. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघीही गेल्या; शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. मैदानात राहिले ते आपले लोक. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लर या तिसऱ्या अमेरिकन कंपनीशी करार केला आणि कुर्ल्याला डॉज, प्लिमथ गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे त्याच कुर्ल्याच्या फियाटने, म्हणजे पद्मिनीने, मुंबईच्या टॅक्सीला कित्येक दशके रूप दिले.

दुसरी खेप

दार पुन्हा उघडले ते १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर. बिर्लांच्या भागीदारीत जनरल मोटर्सने गुजरातेत हलोलला कारखाना घेतला आणि १९९६ मध्ये ओपेल अॅस्ट्रा आणली. फोर्डही महिंद्रांचा हात धरून आली आणि तिची एस्कॉर्ट नाशिकला तयार होऊ लागली. आम्ही तेव्हा विरार लोकलच्या दारात लटकणारी माणसे. ओपेल आम्ही पाहिली ती महामार्गावर, आमच्या एसटीला मागे टाकून जाताना.

२००३ साली कंपनीने ओपेलऐवजी शेव्हरोले हे नाव पुढे केले आणि २००४ मध्ये टवेरा आणली. तिचे मूळ जपानच्या इसुझू कंपनीचे, इंडोनेशियात चालणाऱ्या पँथर गाडीचे. अडीच लिटरचे डिझेल इंजिन, ट्रकसारखा दणकट सांगाडा, सात ते दहा माणसांची सोय. नशीबही जोरावर होते. पुढच्याच वर्षी टोयोटाने इथली क्वालिस बंद केली, तिच्या जागी महागडी इनोव्हा आली आणि क्वालिसवर पोट असलेले कितीतरी टुरिस्टवाले टवेराकडे वळले. शिर्डी, जेजुरी, अष्टविनायक, लग्नाचे वऱ्हाड, विमानतळाची भाडी, जिथे जावे तिथे टवेरा.

आम्हाला ती हवी होती गणपतीसाठी. गाव चिपळूण तालुक्यात. नालासोपाऱ्यातले निम्मे अधिक मराठी घर कोकणातले, म्हणजे रेल्वेचे आरक्षण उघडल्या क्षणी संपणार, हे ठरलेले. मिळालेच, तर सामान घेऊन आधी दादर नाही तर पनवेल गाठायचे. आईचे गुडघे ते जिने चढण्यापलीकडे गेले होते. तेव्हा दादांनी भविष्यनिर्वाह निधीतून, मी कर्ज काढून आणि धाकट्याने होते नव्हते ते घालून गाडी घेतली.

गंमत अशी, की त्याच वर्षी १ जून २००९ रोजी अमेरिकेत जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोकलमधल्या मित्रांना महिनाभराचा विषय मिळाला. "अरे, कंपनीच्या लिलावात तुला ही फुकट मिळाली काय?" पण तिकडच्या सरकारने पैसा ओतला, आणि ४० दिवसांत नवी कंपनी म्हणून ती बाहेर पडली. त्या धडपडीत पाँटिअॅक मात्र कायमची गेली.

पंधरा वर्षांचा हिशेब

मालक म्हणून काय सांगू? ही गाडी देखणी नाही. इंजिनचा आवाज आत येतो आणि मागच्या बाकावर बसणाऱ्याला रस्त्याचा प्रत्येक खड्डा कळतो. पण ती ओझ्याला कुरकुरत नाही. नऊ माणसे, टपावर ताडपत्रीखाली बांधलेल्या बॅगा, मांडीवर फळांच्या करंड्या घेऊन वसई फाटा, घोडबंदर, पनवेल, वडखळ, माणगाव, महाड अशी ती वर्षानुवर्षे गेली. कशेडी घाटात एकदा ती तापून थांबली. दोष सर्वस्वी माझा, निघताना रेडिएटरमधले पाणी पाहिले नव्हते. तासभर आम्ही कठड्यावर बसून आईकडचे लाडू खाल्ले. आता तिथे बोगदा झाला आहे, आई नाही. पण घाट म्हटले, की आमच्या घरात तो तासच आठवतो.

दुसरी आठवण जुलै २०१८ ची. वसई-विरारमध्ये पाऊस असा कोसळला, की लोकल बंद, रस्ते पाण्याखाली. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना डायलिसिस चुकवून चालणार नव्हते. छोट्या गाड्या फाटकाबाहेर पडेनात. टवेरा जमिनीपासून उंच. दादांनी पहिल्या गिअरमध्ये, वेग न वाढवता, उंच बाजू धरून ती बाहेर काढली. ते गृहस्थ आजही तिच्याजवळून जाताना बॉनेटवर हात ठेवून जातात.

याच गाडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २०१३ मध्ये कंपनीने २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. प्रदूषण आणि इतर निकषांच्या चाचण्यांत गैरप्रकार झाल्याचे कंपनीनेच सरकारला कळवले होते आणि काही अधिकाऱ्यांना घरी पाठवले होते. आपल्या देशातल्या मोटार धंद्याला ते प्रकरण फार लागले. विश्वास एकदा खरवडला, की त्यावर रंग चढवता येतो, मूळचा पत्रा मिळत नाही.

तळेगाव

१८ मे २०१७ रोजी जनरल मोटर्सने जाहीर केले, की वर्षअखेरीस भारतातली विक्री बंद. हलोलचा कारखाना त्याआधीच थांबला होता. तो पुढे चीनच्या एका कंपनीकडे गेला आणि तिथून एमजी गाड्या निघू लागल्या. राहिला पुण्याजवळचा तळेगावचा कारखाना, २००८ साली सुरू झालेला. स्पार्क आणि बीट या छोट्या गाड्या तिथे बनत. विक्री थांबल्यावरही बीट तिथून परदेशी, मुख्यतः मेक्सिकोला जात राहिली. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले.

चीनच्या ग्रेट वॉल कंपनीने तो घेण्याचा करार जानेवारी २०२० मध्ये केला होता. त्याच वर्षी सीमेवर गलवानची चकमक झाली, सरकारी परवानग्या मिळाल्या नाहीत, आणि २०२२ मध्ये व्यवहार बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला, आणि २०२५ मध्ये तिथून तिची गाडी बाहेर पडू लागली. यंत्रांना नवा धनी मिळाला. पण मधल्या काळात हजारावर कामगार न्यायालयात आणि रस्त्यावर नोकरीसाठी झगडत होते. तिशी-पस्तिशीतली मुले, बरीचशी आयटीआय झालेली, घराचे हप्ते चालू असलेली. १९३६-३७ च्या हिवाळ्यात फ्लिंटच्या कामगारांनी याच कंपनीच्या कारखान्यात ४४ दिवस ठाण मांडून आपली संघटना मान्य करवून घेतली होती. तिथे निदान समोर चालू कारखाना होता. जाणाऱ्या कंपनीपुढे संप तरी कसला करणार?

आम्ही गाडीवाले त्या मानाने सुखी. सुटे भाग शोधावे लागतात एवढेच. एका रबरी बूशसाठी आठवडा गेला, पण मिळाला. आमचे मेकॅनिक, महामार्गाजवळच्या एका शेडमध्ये बसणारे, म्हणतात, "साहेब, टुरिस्टवाल्यांनी लाखांनी घेतली, म्हणून सामान मिळते. हौशी लोकांची गाडी असती तर कधीच भंगारात गेली असती." गाडी घेताना आम्ही मायलेज विचारले, सवलत विचारली, सीटकव्हर फुकट देणार का तेही विचारले. 'तुम्ही इथे किती वर्षे राहणार?' हे विचारायचे कोणालाच सुचले नाही.

आमच्या तुळिंजच्या पलीकडे, स्टेशनच्या पश्चिमेला जुने सोपारा आहे, प्राचीन शूर्पारक. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उजेडात आणला. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे दूरदेशींची गलबते लागत. बंदर गाळाने भरले, व्यापारी गेले. गाव मात्र कोठे गेले नाही. तिथली माणसे वाड्या शिंपत राहिली.

शेवटी दादांनीच निर्णय घेतला. शॉकअॅब्सॉर्बर बदलले, टायर नवे घातले, आणि आम्ही दोघे तिला तपासणीला घेऊन गेलो. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट पाहिले, उत्पादकाचे नाव वाचले आणि चश्म्यावरून आमच्याकडे पाहत विचारले, "ही कंपनी बंद झाली ना हो?"

"हो," दादा म्हणाले, "पण आम्ही इथेच आहोत."

त्याने शिक्का मारला. २०२९ पर्यंतची मुदत आहे. त्या वर्षी गणपतीला टपावर बॅगा बांधल्या, तेव्हा ताडपत्रीची दोरी आवळायला सर्वांत आधी चढला तो आमचा मुलगाच.