मन भरून येतं, तेव्हा पोट का भरावंसं वाटतं?



जेवण होऊन तासच झाला आहे, पोट भरलेलं आहे, तरी हात चिवड्याच्या डब्याकडे जातो. असं तुमचं होतं का? मग ही भूक कोणाची, पोटाची की मनाची?

पोटाची भूक हळूहळू वाढते. तिला वरण-भातही चालतो आणि पोट भरलं की ती थांबते. मनाची भूक अचानक येते. तिला गोड, तळलेलं, चमचमीतच हवं असतं. राग, अपमान, एकटेपणा, परीक्षेची भीती सहन होत नाही, तेव्हा खाल्ल्याने थोडा वेळ बरं वाटतं. कारण अशा पदार्थांमुळे मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवतं. ताण बराच काळ राहिला, की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढून अशा पदार्थांची ओढही वाढू शकते.

पण हे बरं वाटणं टिकत नाही. मागोमाग लाज येते. मग दुसऱ्या दिवशी जेवण टाळलं जातं आणि संध्याकाळी पुन्हा खाण्यावर ताबा राहत नाही. चक्र सुरूच!

१९५९ मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी काही लठ्ठ रुग्णांमधील अशा अतिखाण्याचं वर्णन केलं. २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला. तीन महिने, आठवड्यातून निदान एकदा ताबा सुटून खूप खाणं हे त्याचं मुख्य लक्षण. मात्र प्रत्येक लठ्ठ व्यक्तीला हा आजार असतोच असं नाही. आनुवंशिकता, अपुरी झोप, बैठं काम, काही औषधं यांमुळेही वजन वाढतं.

गडचिरोली जिल्हा म्हटला, की कुपोषणाचीच चर्चा होते. त्यामुळे गुटगुटीत लेकरू दिसलं की "खात्या-पित्या घरचं आहे" असं कौतुक होतं. तेच मूल मोठं झालं की "मोटू" म्हणून चिडवलं जातं. त्याच्या मनात काय चाललंय, हे दोन्ही वेळा कोणी विचारत नाही. चिडवल्याने वजन कमी होत नाही, उलट लपून खाणं वाढू शकतं.

आपलं वडसा झाडीपट्टी नाटकांचं केंद्र. मंडपात रात्रभर बसून आपण दुसऱ्याच्या दुःखावर मोकळेपणी रडतो. घरी मात्र स्वतःचं रडू गिळतो, आणि त्यावर काहीतरी खातो!

मग काय करावं?

१. खावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबा. "मला आत्ता काय वाटतंय?" हे एका शब्दात लिहा.
२. ते आई, आजी, मित्र किंवा गुरुजींना सांगा.
३. जेवण टाळू नका, वेळेवर जेवा.
४. पालकांनो, मुलांच्या शरीरावरून टोमणे मारू नका.
५. तरीही ताबा राहत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, मराठीतही.

स्वाध्याय : आठवडाभर खाण्याआधी वहीत 'पोट' किंवा 'मन' असं लिहून ठेवा. ही वही कोणाला दाखवायची गरज नाही.