उसना आवाज

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर विषय सांगितला तो एवढाच: 'रेडिओ आणि राजकारण. पण हलकंफुलकं लिहा, लोक सुट्टीत वाचतात.' त्यांच्या मनात आकाशवाणी होती, माझ्याही होती. दोन दिवस मी आठवत बसलो. मुंबई केंद्रावरचं 'प्रपंच' आठवलं, टेकाडे भावोजी आठवले, मीनावहिनी आठवल्या. पण रेडिओवर कुठल्या मुख्यमंत्र्याची नक्कल ऐकल्याचं काही केल्या आठवेना. आठवणार कसं? आकाशवाणीच्या १९६८च्या आचारसंहितेत स्पष्टच लिहिलं आहे की नाव घेऊन कुठल्या पक्षावर टीका करायची नाही, केंद्रावर किंवा राज्यावर वैरभावाने तुटून पडायचं नाही, राष्ट्रपती-राज्यपालांवर शिंतोडे उडवायचे नाहीत. एवढं सगळं वजा केल्यावर विनोदाला हवामानाचा अंदाज तेवढा उरतो.

मग लंडनच्या मामेभावाला फोन केला. तो १९८५ साली तिकडे गेला आणि पहिली काही वर्षं त्याने रात्रपाळ्या केल्या. 'अरे, वीक एन्डिंग ऐक,' तो म्हणाला. 'शुक्रवारी रात्री लागायचं. निम्मं कळायचं नाही. पण कुठल्या मंत्र्याची त्या आठवड्यात फजिती झाली हे मला पेपरच्या आधी तिथे कळायचं.'

'वीक एन्डिंग'चा अधिकृत इतिहास दोन ओळींत संपतो. सायमन ब्रेट आणि डेव्हिड हॅच यांनी तो बीबीसीच्या रेडिओ फोरवर ४ एप्रिल १९७० रोजी सुरू केला आणि ३ एप्रिल १९९८ रोजी तो संपला. अठ्ठावीस वर्षांना एक दिवस कमी. सरलेल्या आठवड्यातलं राजकारण छोट्या छोट्या प्रवेशांतून मांडायचं, एवढीच कल्पना. पुढे घरोघरी पोचलेला डेव्हिड जेसन, बिल वॉलिस, डेव्हिड टेट, शीला स्टीफेल, सॅली ग्रेस अशी मोजकी माणसं माइकपुढे उभी राहून अख्खं मंत्रिमंडळ उभं करायची. १९८२ नंतर शीर्षकसंगीत म्हणून असोसिएट्स या स्कॉटिश बँडचं 'पार्टी फिअर्स टू' वाजू लागलं. गाण्यातली पार्टी पक्षाची नव्हे, पण नावाचा फायदा कोण सोडतो?

मला या इतिहासापेक्षा एक साधा प्रश्न छळत होता. १९७८पासून ब्रिटिश संसदेतलं कामकाज रेडिओवर ऐकू येऊ लागलं. आधी १९७५च्या जूनमध्ये प्रयोग झाला होता, मग ३ एप्रिल १९७८पासून ते कायमचं सुरू झालं. म्हणजे खरी ध्वनिफीत बीबीसीच्याच कपाटात होती. पंतप्रधान अडखळले, विरोधक गुरगुरले, सभापती 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणून थकले, हे सगळं टेपवर होतं. मग नकलाकार कशाला पोसायचे? ती टेपच कापून लावायची आणि वर एक तिरकस वाक्य टाकायचं, की झाला कार्यक्रम.

त्याला मनाई होती. संसदेने आपला आवाज बाहेर दिला तो अटी घालून. त्यातली एक अट अशी की हे ध्वनिमुद्रण करमणुकीच्या कार्यक्रमात किंवा राजकीय विडंबनात वापरता येणार नाही. पुढे १९८९च्या नोव्हेंबरात कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात कॅमेरे आले तेव्हा हीच अट चित्रालाही लागली. बातम्या आणि विनोद एकाच कार्यक्रमात असले तर चालतील, पण दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं, एकमेकांना शिवू द्यायचं नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यातल्या सोवळ्या-ओवळ्याची आठवण यावी असा हा नियम. तो कागदावरच राहिला असंही नाही. २०११ साली अमेरिकेतल्या 'डेली शो'च्या एका भागात ब्रिटिश संसदेतली दृश्यं होती, म्हणून ब्रिटनमध्ये तो भाग दाखवलाच नाही. संसद इंग्लंडची, चेष्टा अमेरिकेत झाली आणि पाहता आली नाही ती फक्त इंग्लंडच्या लोकांना.

म्हणून उसना आवाज. खऱ्या आवाजाला हशाच्या खोलीत यायची परवानगी नाही, तर माणसाच्या घशातून दुसरा काढायचा. सॅली ग्रेस मार्गारेट थॅचर करायची. मी तिचे जे तुकडे ऐकले त्यात ती थॅचरपेक्षा किंचित सावकाश बोलते. आधी मला वाटलं नक्कल कमी पडते आहे. मग लक्षात आलं की थॅचरबाईंचा आवाज मुळातच घडवलेला होता. विरोधी पक्षनेत्या असताना त्यांनी आवाजाचं शिक्षण घेतलं, पट्टी खाली आणली, वेग कमी केला. म्हणजे ग्रेस नक्कल करत होती ती आवाजाची नव्हे, त्या शिकवणीची. कुठे श्वास घ्यायचा, कुठल्या शब्दावर मायेचा ओलावा आणायचा आणि तो पुढच्याच शब्दावर कसा काढून घ्यायचा, हे ती जराशी लांबवते. हार्मोनियमवाल्याने भाता जरा जास्त दाबावा आणि एरवी न ऐकू येणारा भात्याचा सुस्कारा सुरांबरोबर ऐकू यावा, तसं होतं. मी तो तुकडा सहा वेळा ऐकला.

दुसरी गोष्ट जिने मला धरून ठेवलं ती लिहिणाऱ्यांची. या कार्यक्रमाचं दार उघडं होतं. काही लेखक करारावर असत, त्यांना ठरावीक मिनिटं भरून द्यायची असत आणि पैसेही मिनिटांवर मिळत. पण त्यांच्या जोडीला आठवड्यातून एकदा बिनकरारी लेखकांची बैठक भरे. तिला कोणीही जावं. शिक्षक, बेकार, कॉलेजातून नुकतंच बाहेर पडलेलं पोर, कोणीही. ओळखपत्र नको, शिफारस नको. निर्माता त्या आठवड्यातल्या बातम्या टाकायचा आणि मंडळी पेन काढायची. दोन ओळींचा विनोद लागला तर त्या दोन ओळींचे पैसे. कार्यक्रमाच्या शेवटी लेखकांची नावं वाचली जात आणि ती यादी इतकी लांबे की यादी हाच एक विनोद होऊन बसला. निवेदक श्वास भरून घेतो आणि सुटतो, आपल्याकडे लग्नात आहेर पुकारायचे तसा. मामेभाऊ म्हणतो, 'मी त्या नावांसाठी शेवटपर्यंत थांबायचो. वाटायचं, एखाद दिवशी त्यात एक जोशी निघेल.'

त्या दारातून कोण कोण आत गेलं हे पाहिलं की हेवा वाटतो. अँडी हॅमिल्टन, स्ट्यूअर्ट ली, रिचर्ड हेरिंग तिथे लिहून तयार झाले. निर्मात्याच्या खुर्चीत जॉन लॉइड, ग्रिफ रिस जोन्स, जॅन रेव्हन्स, आर्मांडो इआनुची बसून गेले. लॉइडने पुढे 'स्पिटिंग इमेज'च्या बाहुल्या नाचवल्या, इआनुचीने 'द थिक ऑफ इट' केलं. ब्रिटिश राजकीय विनोदाची पुढची पंचवीस वर्षं त्या बैठकीतून उठून गेली म्हटलं तरी चालेल. मला मात्र त्या यादीतले जे कधीच मोठे झाले नाहीत त्यांचंच कुतूहल जास्त आहे. एका मंत्र्यावरच्या एका ओळीचा मोबदला घेऊन बसने घरी गेलेली माणसं.

इथे एक जुना माणूस मध्येच घुसतो, त्याला अडवता येत नाही. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन. १७३८ साली कॉमन्सने ठराव केला की सभागृहातलं बोलणं छापणं हा हक्कभंग. तेव्हा 'जेंटलमन्स मॅगझिन'ने शक्कल काढली. स्विफ्टच्या लिलिपुटमधल्या संसदेचा वृत्तांत म्हणून तेच वादविवाद छापायचे, माणसांच्या नावांतली अक्षरं उलटीसुलटी करून. तरुण जॉन्सन सुमारे तीन वर्षं ती भाषणं लिहीत होता. सभागृहात तो जवळजवळ गेलाच नाही. कोण कुठल्या बाजूने बोललं एवढं कानावर आलं की बाकीचं भाषण माळ्यावरच्या खोलीत बसून रचायचं. त्यातलं तरुण विल्यम पिटचं एक भाषण, वय कमी असणं हा आपला गुन्हा म्हणून हिणवणाऱ्याला दिलेलं उत्तर, इतकं गाजलं की पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळांतल्या वक्तृत्वाच्या पुस्तकांत ते पिटच्या नावावर छापलं गेलं. लोकांनी ती भाषणं खरी मानली याची टोचणी जॉन्सनला अखेरपर्यंत होती म्हणतात.

'वीक एन्डिंग'च्या कोणाला अशी टोचणी लागल्याचं ऐकिवात नाही. पण प्रकार तोच. दार बंद केलंत तर बाहेरचा माणूस आतला आवाज काढून दाखवणार, आणि काही वर्षांनी कोणाचा कुठला हे कोणाला सांगता येणार नाही. मामेभावाला मी थॅचरबाईंचं एखादं वाक्य म्हणून दाखव म्हटलं. त्याने लगेच म्हणून दाखवलं. मग स्वतःच थांबला. 'हे तिचं का त्या कार्यक्रमातलं रे?'

आता अडचणी. लेख इथवर आनंदात आला होता, पण ऐकताना मी वारंवार टेप थांबवत होतो हे लपवण्यात अर्थ नाही. ताज्या विनोदाला ताकासारखी मुदत असते. एका पंचवीस मिनिटांच्या भागाला मला पावणेदोन तास लागले. हा कोण, त्याचं खातं कुठलं, त्याने त्या मंगळवारी काय घोळ घातला, हे सगळं शोधून परत यायचं आणि तोवर विनोदच विरून गेलेला असायचा. 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके रोज नवी कोटी घालायचे ती म्हणूनच. कालची कोटी आज फोडणीलाही चालत नाही. बतावणी करणाऱ्याला हे माहीत असतं, तो जुना माल फेकून देतो. रेडिओने तो टेपवर जपून ठेवला आणि माझ्यासारख्याच्या ताटात चाळीस वर्षांनी वाढला.

त्याहून मोठी अडचण अशी की गाजलेले प्रसंग विनोदापेक्षा स्वतःच जास्त विनोदी निघतात. २७ मे १९७६च्या रात्री कॉमन्समध्ये जहाजबांधणी आणि विमान कारखान्यांच्या राष्ट्रीयीकरणावर मतदान झालं. एका मतदानात दोन्ही बाजू ३०३वर अडल्या, पुढच्यात सरकार एका मताने जिंकलं. मजूर पक्षाचे काही खासदार लाल बावट्याचं गाणं म्हणू लागले आणि समोरच्या मायकेल हेसल्टाइन यांनी चिडून टेबलावरचा राजदंड उचलला. राजदंडाला हात घालणं आपल्या विधानसभेला नवीन नाही, पण तिथे तेव्हा गहजब झाला. गंमत अशी की हा प्रसंग १९७५चा रेडिओ-प्रयोग संपल्यानंतरचा आणि कायमचं प्रक्षेपण सुरू होण्याआधीचा. त्याचा आवाज लोकांपर्यंत पोचलाच नाही. जो काही आहे तो सांगोवांगीचा आणि नकलाकारांचा.

आणि १९७९च्या २८ मार्चची रात्र. पंतप्रधान कॅलहॅन यांच्या मजूर सरकारवर अविश्वास. त्याच दिवशी संसदेच्या उपाहारगृहातल्या कर्मचाऱ्यांचा संप, म्हणजे सरकार पडायचं ते उपाशीपोटी. फर्मॅनाचे अपक्ष खासदार होते फ्रँक मॅग्वायर. ते उत्तर आयर्लंडहून एवढा प्रवास करून आले ते प्रत्यक्ष हजर राहून मत न देण्यासाठी. हा प्रवेश कोणी लिहून आणला असता तर निर्मात्याने अतिशयोक्ती म्हणून परत केला असता. मजूर पक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन मरणासन्न होते. रुग्णवाहिकेतून नुसतं आवारात आणलं तरी त्यांचं मत धरता आलं असतं, पण त्यांना आणायचं नाही असं ठरलं. सरकार ३१० विरुद्ध ३११ असं पडलं. ब्रॉटन त्यानंतर पाच दिवसांनी गेले. इथे नकलाकाराने काय करावं? मला सुचत नाही. यावर पुढे जेम्स ग्रॅहमने 'धिस हाउस' हे नाटक लिहिलं, २०१२ साली. त्याला तेहतीस वर्षांचं अंतर मिळालं. शुक्रवारी रात्री कार्यक्रम लावायचा असेल तर दोनच दिवस मिळतात.

कार्यक्रम बंद पडला तो कोणाला डिवचल्यामुळे नव्हे. १९९८च्या एप्रिलमध्ये रेडिओ फोरचं वेळापत्रकच नव्याने मांडलं गेलं आणि जुन्या फर्निचराबरोबर हाही गेला. शेवटचा भाग ३ एप्रिलचा, म्हणजे संसदेचा आवाज रेडिओवर कायमचा आला त्याला त्याच दिवशी वीस वर्षं झाली होती. हा योगायोग तेव्हा कोणाच्या ध्यानात आला असेल असं वाटत नाही.

संपादकांना मी कळवलं की लेख आकाशवाणीवर होणार नाही. त्यांनी विचारलं, 'मग आपल्याकडे आता खाजगी एफएम आहेत ना, तिथे?' तिथेही बघितलं. खाजगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा ऐकवता येतात. बातमीच नाही तर तिची बतावणी कुठून येणार? निवेदक रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलतो, कोणाला तरी खोटा फोन लावून घाबरवतो आणि गाणं लावतो. तो हुशार असतो, हे मुद्दाम लिहितो. त्याच्या घशात दोन-चार पुढारी असणारच. घरी, मित्रांत, जेवणं झाल्यावर तो ते काढत असेल.

लिहून झाल्यावर त्या १९७९च्या मतदानाचं खरं ध्वनिमुद्रण मी शोधून लावलं. नक्कल नव्हे, अस्सल. आकडे वाचले जातात, क्षणभर काही नाही, मग असा गिल्ला होतो की इअरफोन काढून मी तो मोठ्याने लावला. मजूर पक्षाचे लोक हरल्यावरही गायला लागतात.

आतून आईने विचारलं, 'मॅच कुणाची चाललीये?'

म्हटलं, 'जुनी आहे.'

'मग आवाज कमी कर.'