साधुग्रामची जमीन आणि मधली वर्षे : नाशिकच्या तपोवनातील सार्वजनिक जागेच्या तात्पुरत्या उपयोगाचा विचार

१. प्रस्तावना

विकास योजनेत एखादी जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी राखून ठेवली जाते. परंतु ते प्रयोजन प्रत्यक्षात उतरेपर्यंत बराच काळ जातो. या मधल्या काळात ती जमीन कोणी, कशासाठी आणि कोणत्या अटींवर वापरावी, हा नगरनियोजनातील दुर्लक्षित प्रश्न आहे. नाशिकमध्ये या प्रश्नाला एक वेगळे परिमाण लाभले आहे. पंचवटीलगतच्या तपोवन परिसरातील साधुग्रामची जमीन सिंहस्थात गजबजते आणि पुढील सिंहस्थापर्यंत मोकळी राहते. मधल्या वर्षांतील उपयोगाला लेखी मुदत व अटी नसतील, तर मूळ प्रयोजन आणि लोकोपयोग या दोहोंचीही हानी होते, हे तपोवनच्या उदाहरणावरून स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. साधुग्रामचे स्वरूप

गुरू सिंह राशीत असताना नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. परंपरेने शैव आखाडे त्र्यंबकेश्वर येथे, तर दिगंबर, निर्वाणी व निर्मोही हे वैष्णव आखाडे नाशिक येथे उतरतात. नाशिकमधील साधूंच्या निवासासाठी तपोवनात जे तात्पुरते नगर वसवले जाते, तेच साधुग्राम होय. २०१५ च्या सिंहस्थात त्याचा विस्तार सुमारे सव्वातीनशे एकर होता. यांपैकी महानगरपालिकेच्या स्वतःच्या मालकीची जमीन सुमारे ५४ एकर असून उर्वरित जमीन मुख्यतः शेतकऱ्यांकडून तात्पुरती भाड्याने घेण्यात आली होती. म्हणजेच एकाच नावाखाली दोन भिन्न प्रकारच्या जमिनी एकत्र येतात. एक मेळ्यानंतर मोकळी राहणारी, दुसरी पुन्हा नांगराखाली जाणारी.

३. प्रयाग व नाशिक : एक महत्त्वाचा भेद

तात्पुरत्या नगराचे उदाहरण म्हणून प्रयागच्या कुंभमेळ्याचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर झाला आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ च्या मेळ्याची केलेली पाहणी सर्वश्रुत आहे. तेथील मेळा माघात, हिवाळ्यात, नदीचे पाणी ओसरल्यानंतर उघड्या पडलेल्या वाळवंटावर भरतो. पुढील पावसाळ्यात पूर येतो आणि पात्रातील नगराच्या खुणा पुसून टाकतो. जागा मोकळी करण्याचे काम तेथे बव्हंशी नदीच करते.

नाशिकची स्थिती याउलट आहे. येथील मुख्य पर्वण्या श्रावण-भाद्रपदात, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतात. चिखल टाळण्यासाठी खडी-मुरुमाचे रस्ते, गटारे, जलवाहिन्या व शौचालये उभारावी लागतात. ही जमीन नदीपात्रातील नसून वाढत्या शहरालगतची आहे. त्यामुळे मेळ्याच्या खुणा आपोआप पुसल्या जात नाहीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने मुरूम पडलेले शेत पुन्हा लागवडीखाली आणणे हे खर्चाचे व वेळखाऊ काम ठरते. महानगरपालिकेच्या जमिनीवर मात्र काही वर्षांतच झाडोरा वाढतो, वाटा पडतात आणि माणसांचा वावर रुजतो.

४. कायदेशीर चौकट

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम १२७ नुसार, अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित न झाल्यास मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. ही दहा वर्षांची मुदत सिंहस्थाच्या बारा वर्षांच्या आवर्तनापेक्षा लहान आहे. ज्या जमिनीची गरज बारा वर्षांतून एकदाच पडते, तिच्यासाठी कायमचे संपादन महाग पडते आणि संपादन न केल्यास आरक्षण धोक्यात येते.

२०१३ च्या भूमी संपादन कायद्यातील कलम ८१ मध्ये पडीक वा लागवडीयोग्य जमीन कमाल तीन वर्षांसाठी तात्पुरती ताब्यात घेण्याची तरतूद आहे. मुदत संपल्यावर जमीन परत करणे व झालेल्या हानीची भरपाई देणे शासनावर बंधनकारक आहे. खासगी जमीन शासनाने तात्पुरती घ्यावी, यासाठी अशी मुदत व परतफेडीची अट कायद्याने घालून दिली आहे. परंतु शासकीय जमीन मधल्या काळात लोकांनी वापरावी, यासाठी तितकी स्पष्ट व्यवस्था आढळत नाही.

५. मधल्या काळातील उपयोग व संघर्ष

व्यवस्था नसली तरी उपयोग थांबत नाही. तपोवनचे मोकळे मैदान सभा-संमेलनांसाठी वापरले जाते. १२ जानेवारी २०२४ रोजी राष्ट्रीय युवा महोत्सवाचे उद्घाटन येथेच झाले. फेरफटका, खेळ, सावली व पक्षीनिरीक्षण हे रोजचे उपयोग मात्र कोणत्याही नोंदवहीत येत नाहीत.

या अनोंदित उपयोगाची किंमत नोव्हेंबर २०२५ मध्ये उघड झाली. आगामी सिंहस्थाच्या साधुग्रामसाठी महानगरपालिकेने तपोवनातील सुमारे अठराशे झाडांबाबत हरकती मागवल्या आणि शहरात तीव्र विरोध झाला. बरीचशी झाडे मागील सिंहस्थानंतर वाढलेली आहेत, असे प्रशासनाचे म्हणणे होते. त्यांत जुने, मोठे वृक्षही आहेत, असे विरोधकांचे म्हणणे होते. वाद हरित लवाद व उच्च न्यायालयापर्यंत गेला. कोणते झाड केव्हाचे, कोणते कायमचे आणि कोणते मुदतीचे, हे आरंभीच नकाशावर नोंदवले असते, तर वादाचा मोठा भाग उद्भवलाच नसता.

बर्लिनमधील टेंपेलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला व २०१० मध्ये त्याचे मैदान लोकांसाठी खुले झाले. पुढे तेथे बांधकामाचा प्रस्ताव येताच २०१४ च्या सार्वमतात नागरिकांनी तो फेटाळला. वापरातून आपलेपणा येतो आणि आपलेपणातून हक्काची भावना, हाच याचा बोध होय. या भीतीने जमीन कुंपणात बंद ठेवणे हा उपाय नव्हे. तशी जमीन अतिक्रमण व राडारोड्याला आमंत्रण देते.

६. उपाययोजना

(अ) महानगरपालिकेच्या मालकीच्या जमिनीचा मध्यकालीन उपयोग आराखडा सिंहस्थ संपताच तयार करून प्रसिद्ध करावा. त्यात जमीन परत मोकळी करण्याची तारीख नमूद असावी.

(आ) वृक्षलागवड रस्त्यांच्या कडेने व भूखंडांच्या सीमेवर करावी, जेणेकरून तीच झाडे मेळ्यात साधूंना सावली देतील. निवासाच्या भूखंडांवर मैदान, रोपवाटिका, हंगामी भाजीपाला व आठवडे बाजार असे हलवता येण्याजोगे उपयोग असावेत.

(इ) दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एकाच संस्थेकडे जमीन सोपवणे टाळावे. त्यामुळे तात्पुरतेपणाच संपुष्टात येतो.

(ई) शेतकऱ्यांना भाड्याबरोबरच मुरूम काढून जमीन पूर्ववत करून देण्याची लेखी हमी द्यावी.

७. निष्कर्ष

जाहीर वेळापत्रकानुसार नव्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असून नाशिकच्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. साधू, शेतकरी व रोज तेथे येणारे नागरिक हे तिघेही तपोवनच्या जमिनीचे वापरकर्ते आहेत. त्यांच्या उपयोगाचा काळ वेगवेगळा असल्याने त्यांच्यात मूलतः विरोध नाही. विरोध निर्माण होतो तो काळाची वाटणी न केल्यामुळे. मेळ्याचे नियोजन ध्वजारोहणाआधी दोन वर्षे सुरू होते. मधल्या वर्षांचे नियोजन मात्र ध्वज उतरल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होणे आवश्यक आहे.