गेटपास कामापुरता, गुपित कायमचे

ठेकेदाराच्या माणसाला मिळणारी सुरक्षा मंजुरी भारतात त्या माणसाच्या मालकीची नसते. ती कामाच्या आदेशाला, ठेकेदाराच्या नावाला आणि एका ठरावीक दरवाजाला बांधलेली असते. आदेश संपला की तीही संपते. मे 2025 मध्ये या व्यवस्थेची दोन टोके बातम्यांत आली. 15 मे रोजी नागरी विमान सुरक्षा ब्युरोने सेलेबी या तुर्की कंपनीची विमानतळांवरील मंजुरी काढून घेतली. महिनाअखेरीस महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने ठाण्यातील एका तरुण अभियंत्याला युद्धनौकांची माहिती पाकिस्तानकडे पोहोचवल्याच्या आरोपावरून अटक केली. तो नौदलाचा नोकर नव्हता, नौदलाची कामे घेणाऱ्या खासगी कंपनीत होता.

खानदेशात हा विषय रोजगाराचा आहे. नशिराबादहून भुसावळकडे निघाले की पुढे दोन आयुध निर्माण्या लागतात. भुसावळची 1949 सालची, दारूगोळ्याच्या पेट्या आणि डबे बनवणारी. वरणगावची 1964 सालची, काडतुसांची. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे गेले आणि वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. सफाई, बांधकाम, मालाची चढउतार, यंत्रांची देखभाल अशी कामे ठेक्यानेच दिली जातात. त्यामुळे आसपासच्या गावांतील अनेकांच्या रोजीची सुरुवात पोलीस ठाण्यातल्या एका अर्जाने होते.

क्रम साधारण असा. ठेकेदाराला काम मिळते. तो कामगारांची यादी देतो आणि प्रत्येकाची चारित्र्य पडताळणी मागवली जाते. अर्ज ऑनलाइन भरला तरी चौकशी स्थानिक ठाण्यातूनच होते. तेथील नोंदी पाहून अहवाल पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे जातो. दाखला हाती आल्यावर कारखान्याचा सुरक्षा विभाग मुदतीचा गेटपास देतो. कामाची मुदत वाढली, ठेकेदार बदलला किंवा दुसऱ्या कारखान्यात काम लागले, तर कागदांची फेरी पुन्हा सुरू होऊ शकते. दहा वर्षे त्याच आवारात निमूट काम केलेला गवंडीही नव्या निविदेच्या दिवशी नवखाच ठरतो.

पास टिकवण्याचे नियम मोठे नाहीत, पण चुकतात ते त्यातच. मुदत संपण्याच्या आठवड्यात अर्ज करणारा घरी बसतो, कारण ठाण्याची चौकशी ठेकेदाराच्या घाईने चालत नाही. आधारवर नशिराबादचा पत्ता आणि राहणे भुसावळला भाड्याने, असे असेल तर चौकशी दोन ठाण्यांत अडकते. पास दुसऱ्याला वापरायला देणे, आत मोबाईल नेणे, काम सुटल्यावर पास परत न करणे, यांतले काहीही पुढच्या वेळी नावावर फुली मारायला पुरते. ऑक्टोबर 2024 मध्ये वरणगावच्या कारखान्यातून एके-47 सह पाच रायफली चोरीला गेल्या. अशा घटनेनंतर दरवाजावर सूट मिळण्याची आशाच नको.

सर्वांत घातक चूक म्हणजे जुना गुन्हा लपवणे. गल्लीतले भांडण, रास्ता रोको, लॉकडाऊनमधले कलम 188, अशा नोंदी क्षुल्लक वाटतात आणि अर्जात ‘नाही’ लिहिले जाते. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2016 मध्ये यावर सविस्तर निकष घालून दिले. तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा लपवला गेला असेल, तर मालक ती चूक पोटात घालू शकतो. गंभीर गुन्हा लपवला असेल, तर नोकरी जाऊ शकते. निकाल नोकरभरतीविषयी आहे, पण त्याचा धडा ठेक्यावरच्या माणसालाही लागू पडतो: खरे सांगितलेली नोंद निदान तपासली जाते, लपवलेली नोंद माणसालाच खोटा ठरवते.

कंपनीच्या मंजुरीची गोष्ट निराळी, आणि जास्त अपारदर्शक. एक्स-आर्मीमेन्स प्रोटेक्शन सर्व्हिसेस ही विमानतळावर सेवा देणारीच कंपनी. तिच्या प्रकरणात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न असेल तेथे नैसर्गिक न्यायाचा आग्रह धरता येत नाही. डिजी केबल प्रकरणात 2019 साली तीच दिशा कायम राहिली. एप्रिल 2023 मध्ये मीडियावन वाहिनीच्या निकालात न्यायालयाने बंद लिफाफ्याच्या, म्हणजे कारणे दुसऱ्या पक्षाला न दाखवता फक्त न्यायालयाला देण्याच्या, पद्धतीवर कठोर टीका केली आणि सुरक्षा हा शब्द उच्चारला की चौकशी संपते असे नाही, हे बजावले. मंजुरी काढून घेण्याविरुद्धची सेलेबीची याचिका मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने 7 जुलै 2025 रोजी फेटाळली. मुंबई विमानतळावर सेलेबीसाठी सामान चढवणाऱ्या कामगारांचा या वादाशी काही संबंध नव्हता. तरी मालकाची मंजुरी जाताच त्यांच्या नोकऱ्यांवर प्रश्नचिन्ह लागले.

अमेरिकेतही ठेकेदाराच्या माणसाला स्वतःहून मंजुरी मागता येत नाही. कुणा कंपनीला त्याच्यासाठी पुढे यावे लागते. पण एकदा पात्र ठरलेला माणूस काम सुटल्यावर 24 महिन्यांच्या आत दुसऱ्या मंजूर जागी गेला, तर सहसा सारे पहिल्यापासून करावे लागत नाही. त्याच्या बदल्यात नोंदींवर सतत नजर असते, आणि परदेशप्रवास किंवा थकलेले कर्ज त्याने स्वतः कळवायचे असते. तेथे मंजुरी माणसाबरोबर काही काळ चालते, येथे ती गेटवरच उतरवून ठेवावी लागते.

जबाबदारी मात्र येथेही गेटवर उतरत नाही. 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमाचे कलम 5 सरकारी नोकरापुरते थांबत नाही. सरकारी ठेका घेतलेला किंवा पूर्वी घेतलेला माणूस आणि अशा ठेकेदाराकडे काम करणारा किंवा पूर्वी केलेला माणूस, हे दोघेही त्यात येतात. म्हणजे सहा महिन्यांच्या रंगकामात जे दिसले, ते गुपित पास परत केल्यावरही गुपितच राहते. कायदा त्या रंगाऱ्याला वर्षानुवर्षे ओळखतो. पुढची निविदा निघाली की पडताळणी त्याला विसरते. ठरावीक मुदतीचा, कामगाराच्या स्वतःच्या नावाचा आणि कोणत्याही ठेकेदाराकडे चालणारा पडताळणी दाखला, मधल्या काळात नवा गुन्हा नोंदला गेल्यास आपोआप थांबणारा, हा यावरचा सरळ उपाय आहे. त्यातून पोलिसांची दुबार चौकशी वाचेल आणि कामगाराची रोजीही. तोवर दाखल्याची प्रत जपणे, मुदतीच्या बऱ्याच आधी अर्ज करणे आणि काम संपताच पास जमा करून पोच घेणे, एवढेच कामगाराच्या हातात उरते.