नियम सहा हजार, भाग वीस हजार

गाडी ऑनलाइन नोंदवताना खालचं मॉडेल निवडलं की सनरूफचा पर्याय फिका पडतो. ‘हे संगणकाला कसं कळतं?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. सध्या अशा प्रश्नाला ‘एआय’ हे एकच उत्तर मिळतं. पण खरं उत्तर आधी गणितात आहे. उदाहरणार्थ, एका हॉइस्टसाठी, म्हणजे वजन उचलायच्या यंत्रासाठी, १० मोटरी, ३० ड्रम, ४ गिअरबॉक्स आणि २ प्रकारची नियंत्रणं असतील तर २,४०० वेगवेगळे हॉइस्ट होतात. प्रत्येकाची बीओएम, म्हणजे लागणाऱ्या भागांची यादी, वेगळी ठेवायची म्हटली तर कपाटं पुरणार नाहीत. भाग मात्र अवघे ४६. तेव्हा भागांची माहिती ठेवायची, आणि कोणाचं कोणाशी जमतं याचे नियम.

हे मोठ्या प्रमाणावर प्रथम करून दाखवलं ते अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने, म्हणजे ‘डेक’ने. १९७७ साली आलेला त्यांचा व्हॅक्स-११/७८० हा संगणक गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे जुळवून द्यावा लागे. उपलब्ध भाग चारशेच्या वर. ऑर्डरीत एखादी केबल लिहायची राहून गेली, किंवा कॅबिनेटमध्ये बोर्डाला जागाच उरली नाही, की जुळणी अडली. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या जॉन मॅकडरमॉट यांनी यासाठी ‘आर-वन’ हा प्रोग्राम लिहिला. जागा संपली तर दुसरी पेटी घे, पेटी घेतलीस तर तिचा वीजपुरवठाही घे, अशा शेकडो नियमांचा. पुढे डेकमध्ये तो ‘एक्सकॉन’ म्हणून ओळखला गेला.

त्याची परीक्षा मला फार आवडते. १९७९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याला ५० ऑर्डरी दिल्या. सहा जाणकार प्रत्येक उत्तर घेऊन तास-दोन तास बसले आणि त्यांनी बारा चुका हुडकल्या. नियम दुरुस्त केले, ऑर्डरी पुन्हा दिल्या, आणि मग सगळ्या बरोबर आल्या. केवढी सचोटी आहे या पद्धतीत! यंत्राला खरं-खोटं शिकवायला ती सहा माणसं लागली.

१९८०च्या दशकात एक्सकॉनच्या यशावर अशा नियमांवर चालणाऱ्या ‘तज्ज्ञ प्रणालीं’चा केवढा तरी गाजावाजा झाला. इतिहासात मॅकडरमॉट यांचं नाव राहिलं, आणि ते योग्यच आहे. पण डेकमधल्या ज्युडिथ बाखंट यांचं नाव क्वचितच कोणी घेतं. १९८४ साली मॅकडरमॉट यांच्यासोबत त्यांनी पहिल्या चार वर्षांचा अनुभव मांडला. प्रणाली ‘तयार झाली’ असा दिवस उगवतच नाही, हे त्यातून दिसलं. १९८७ साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या निबंधात आकडे आले: सुमारे ६,२०० नियम, २०,००० भाग, आणि दरवर्षी जवळजवळ निम्मे नियम बदलावे लागतात! नवी डिस्क आली, जुना बोर्ड बंद झाला, की कोणाला तरी नोंद हातात घ्यावीच लागते. माझ्या मते एक्सकॉन टिकला तो या रोजच्या कामावर.

भोसरी-चाकणच्या कारखानदारांनो, तुमच्याकडेही आता कोणी हुशार सॉफ्टवेअर विकायला येईल. ते घ्या, जरूर घ्या. पण त्याआधी आपल्या स्टोअरमध्ये जा. बंद झालेला पार्ट नंबर यादीतून कोण काढतं, आणि काढायला किती दिवस लावतं, एवढं विचारून या.