दख्खनचे दंगे आणि आजचा कर्जबाजारी शेतकरी : इतिहासाच्या अध्यापनातील एक प्रश्न

इतिहासाच्या वर्गात १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा पाठ चालू असता एक प्रश्न बहुधा विचारला जातोच : त्या वेळच्या कुणब्याचे जे झाले तेच आजच्या शेतकऱ्याचे होत नाही काय? प्रश्न करणारा विद्यार्थी पुष्कळदा शेतकरी कुटुंबातील असतो आणि त्याच्या प्रश्नामागे केवळ जिज्ञासा नसते. अध्यापकापुढे अशा वेळी दोन सोपे मार्ग असतात. ‘होय, तेच होत आहे’ असे म्हणून वर्गाची मान्यता मिळविणे हा एक. ‘हा राजकारणाचा विषय झाला’ असे म्हणून पाठ्यपुस्तकाकडे वळणे हा दुसरा. दोन्ही मार्गांनी पाठ तेथेच संपतो. भूतकाळ व वर्तमान यांतील साम्य जेथे तुटते तेथपर्यंत ते नेल्याखेरीज त्या साम्याला अध्यापनात काही मूल्य येत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आणि दख्खनच्या दंग्यांइतके त्याचे चांगले उदाहरण मराठी विद्यार्थ्याच्या जवळपास दुसरे क्वचितच सापडेल.

घटना सर्वश्रुत आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी आसपासची रयत जमली, तिने सावकारांकडे वह्या व कर्जरोखे मागितले आणि हाती आले ते जाळले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. माणसांच्या जिवास अपाय होण्याचे प्रकार मात्र विरळ होते. लोण अहमदनगर जिल्ह्यात पोचले, तीसहून अधिक गावे त्यात सापडली आणि ९५१ लोकांना अटक झाली. त्यापूर्वी, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातील करडे या गावी सावकारावर बहिष्कार पडला होता. त्याच्या दुकानी माल घेणे, त्याच्या शेतात राबणे, त्याची हजामत करणेदेखील गावाने बंद केले होते. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना ऋणातून दिलासा देणारा कायदा झाला.

पाठ्यपुस्तकातील कारणमीमांसा साधारणतः अशी चालते : १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला, सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले, युद्ध संपले, भाव कोसळला, त्याच सुमारास सरकारने जमाबंदीची फेरतपासणी करून सारा पन्नास ते शंभर टक्के वाढविला, सावकाराने हात आखडता घेतला आणि रयतेचा क्षोभ झाला. विद्यार्थी ही साखळी पाठ करतो आणि तिची शेवटची कडी यवतमाळच्या कापूस उत्पादकाला जोडून मोकळा होतो. येथे पहिली हरकत भूगोलाची आहे. सुपे, शिरूर, पारनेर, श्रीगोंदे हा प्रदेश मुख्यतः ज्वारी-बाजरीचा. कापसाची मोठी पिके खानदेशात व वऱ्हाडात होती, आणि दंगे तेथे झाले नाहीत. कापसाच्या तेजीचा परिणाम पुणे-नगरकडे धान्याच्या चढ्या भावांतून व रेल्वेच्या कामांवरील मजुरीतून, म्हणजे आडवाटेने, पोचला असे मानावे लागते. आज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चर्चा ज्या विदर्भ-मराठवाड्याच्या संदर्भात होते, तो प्रदेश १८७५ च्या दंग्यांच्या नकाशावर नाही. नकाशा फळ्यावर काढला की निम्मा वर्ग गप्प होतो. ही शांतता उपयोगाची आहे. तीत खरा पाठ सुरू होतो.

कारण मग विचारावे लागते, की साम्य कापसात नसेल तर कशात आहे? याचे उत्तर कागदात शोधावयास हवे. १८३० नंतरच्या रयतवारी मोजणीने प्रत्येक शेताला क्रमांक दिला, त्यावर एका व्यक्तीचे नाव चढविले आणि त्या व्यक्तीला ती जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा अधिकार मोकळा करून दिला. रयतेला ज्या नोंदीने स्वामित्व मिळाले त्याच नोंदीने तिची जमीन तारणयोग्य झाली. पूर्वीचा वाणी वसुलीसाठी पाटलाच्या व गावाच्या अनुमतीवर अवलंबून असे. नव्या दिवाणी न्यायालयांनी त्याला या अवलंबनातून सोडविले. राव्हिंदर कुमार यांच्या १९६८ मधील ग्रंथाने या सत्तांतराकडे लक्ष वेधले. आजच्या विद्यार्थ्याच्या घरी जो सातबारा आहे तो याच मोजणीचा वंशज होय आणि त्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा वा बँकेचा बोजा नोंदलेला असतो. हा रकाना दाखवून जो इतिहास सांगता येतो, तो कोणत्याही आलंकारिक तुलनेने सांगता येणार नाही. (मात्र विद्यार्थ्याने आपल्याच घरचा उतारा वर्गात आणावा अशी अपेक्षा कधीही करू नये. बापाच्या कर्जाचे प्रदर्शन हे अध्यापनाचे साधन नव्हे. एखाद्या कल्पित गटाचा नमुना पुरेसा होतो.)

कागदाचा हा धागा आणखी पुढे जातो. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच वैध ठरविला. सावकाराला व्याजावर व्याज चढविता येऊ नये हा त्याचा हेतू होता. सावकाराने दर तीन वर्षांनी थकलेले मुद्दल व व्याज मिळून नवे मुद्दल धरून नवा रोखा लिहून घेण्याचा परिपाठ पाडला, आणि ज्याच्या रक्षणासाठी कायदा झाला त्याच्याच गळ्याला तो लागला. निरक्षर रयत अंगठा उठवी. रोख्यात काय लिहिले आहे हे तिला न्यायालयाचा हुकूमनामा घरी आल्यावर कळे, आणि हा हुकूमनामा बहुधा एकतर्फी असे. सुप्याला दुकानांइतकेच कागद का जाळले गेले, हे येथे उमगते.

१८७९ च्या कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाण्याचा, म्हणजे कागदावरील आकडा बाजूला ठेवून मूळ व्यवहाराचा हिशेब नव्याने मांडण्याचा अधिकार दिला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला. सावकारांनी त्यावरही वाट काढली : गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यावयाचे, तोंडी मात्र कर्ज फिटल्यावर जमीन परत देण्याचा वायदा करावयाचा. तेव्हा त्याच कायद्यात दुरुस्ती करून, दिसावयास विक्री असलेला व्यवहार वस्तुतः गहाणाचा होता हे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा द्यावी लागली. आता महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा उघडून पाहावा. सावकारीच्या व्यवहारात कर्जापोटी बळकावलेली स्थावर मिळकत, मग ती खरेदीखताने, गहाणाने वा अन्य दस्ताने गेलेली असो, चौकशीअंती मूळ मालकास परत देण्याचा अधिकार त्याने जिल्हा निबंधकास दिला आहे. शे-सव्वाशे वर्षांच्या अंतराने विधिमंडळाला त्याच लबाडीचा बंदोबस्त करावा लागावा, ही गोष्ट साम्याच्या बाजूने कोणत्याही आवेशपूर्ण व्याख्यानापेक्षा अधिक सांगते. आणि ती सांगताना अध्यापकाला कोणत्याही पक्षाची बाजू घ्यावी लागत नाही.

आता साम्य जेथे तुटते ती स्थळे. पहिले स्थळ धनकोचे. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जाऊ रकमांपैकी सुमारे सत्तर टक्के व्यावसायिक व शेतकरी-सावकारांकडून आलेल्या आढळल्या. सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के होता. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबांच्या थकीत कर्जापैकी ६९.६ टक्के संस्थांचे होते. दोन्ही आकडे सत्तरच्या घरात पडावेत हा योगायोग वर्गात हटकून परिणाम करतो. परंतु पहिला आकडा वर्षभरात घेतलेल्या कर्जाचा व दुसरा शिल्लक कर्जाचा आहे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढावे हेच बरे. तरीही पालट मोठा आहे, हे निश्चित. १८७५ मध्ये वही जाळता येत होती. आजची मोठी थकबाकी ज्या खात्यात आहे ते खाते कोठे जाऊन जाळावयाचे? क्षोभ पूर्वी सावकाराच्या दाराशी गेला आणि आज पुष्कळदा तो शेतकऱ्याच्या स्वतःवरच उलटतो, या भीषण फरकाचे हे एकमेव कारण खचित नव्हे. पण त्याचा विचार या दिशेने सुरू करता येतो.

दुसरे स्थळ राज्यसंस्थेचे. १८७५ मध्ये सरकार शेतकऱ्याकडून वाढीव सारा रोखीने वसूल करीत होते. आज साऱ्याचा बोजा नगण्य आहे आणि सरकार आयात-निर्यातीच्या धोरणांतून, हमीभावातून व कर्जमाफीतून शेतीत उपस्थित असते. १८७९ चा दिलासा खाजगी सावकाराच्या हिशेबात हात घालणारा होता, सरकारी तिजोरीला त्याची तोशीस नव्हती. २००८ ची केंद्रीय कर्जमाफी, तसेच महाराष्ट्राच्या २०१७ व २०१९ च्या योजना, यांत सरकारने पैसा दिला आणि तो मुख्यतः संस्थांच्या कर्जापोटी दिला. ‘दिलासा’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर विद्यार्थ्याच्या हातून हा भेद निसटतो.

एक बाब अधिक नाजूक आहे आणि अनेक अध्यापक तिच्या भयाने हा पाठ उरकून टाकतात. दंग्यांत ज्यांची दुकाने फुटली ते सावकार बहुतांशी मारवाडी व गुजर होते. ज्या गावी ब्राह्मण वा इतर स्थानिक सावकार होते तेथे त्यांना सहसा हात लागला नाही, अशी नोंद आयोगानेच केली आहे. वर्गात त्याच आडनावांचे विद्यार्थी बसलेले असतात. ही नोंद दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे आहे. ती ‘परक्यांनी लुटले’ या सुरात सांगणे त्याहून वाईट. विचारावयाचे ते असे, की बाहेरून आलेल्या धनकोला गावाच्या मर्यादेबाहेर राहून वसुली करण्याचे बळ कोणी दिले? उत्तर न्यायालय व जमाबंदी यांच्याकडे नेते. शिवाय ही नोंद करणारा आयोग सरकारने नेमलेला होता आणि क्षोभाचे खापर सरकारी साऱ्यावर न येता सावकारावर येणे त्याला सोयीचे होते, हेही ध्यानी धरावे लागते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने रयतेच्या स्थितीची चौकशी करून १८७३ मध्येच सिद्ध केलेला अहवाल आणि महात्मा फुले यांचा १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ ही दोन साधने आयोगाच्या शेजारी ठेवली असता आरोपीच्या पिंजऱ्यातील व्यक्ती बदलत जाते. नील चार्ल्सवर्थ यांनी तर १९७२ मध्ये हे दंगे इतिहासकारांनी फुगविले आहेत असा पक्ष मांडला. तीस-बत्तीस गावांच्या घटनेला एवढे महत्त्व का आले, हा त्यांचा आक्षेप वर्तमानपत्रातील मथळे वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्याही उपयोगाचा आहे.

या सर्वास वेळ लागतो, ही अडचण खरी आहे. एका तासिकेत मोजणी, मुदतीचा कायदा, चौकशी आयोग आणि २०१४ चा कायदा बसविता येत नाहीत, आणि प्रश्नपत्रिकेत ‘दख्खनच्या दंग्यांची कारणे लिहा’ एवढेच येणार असेल तर विद्यार्थ्याने अधिक कष्ट घ्यावेत अशी अपेक्षा करणेही फारसे न्याय्य नाही. प्रश्नच बदलून पाहता येईल. १८७९ च्या कायद्यातील व २०१४ च्या कायद्यातील संबंधित कलमे छापून द्यावीत आणि विचारावे, की या दोहोंच्या मधल्या काळात सहकारी पतसंस्थांचा १९०४ चा कायदा होऊनही दुसऱ्या कायद्याची गरज का पडली? सुपे आज बारामती तालुक्यात आहे; तालुक्याचा एक भाग नीरेच्या कालव्यावर उसाचा झाला आणि सुप्याचा भाग जिरायतीच राहिला. उत्तर लिहिताना ज्याला हा नकाशा आठवेल त्याचे उत्तर इतरांपेक्षा वेगळे होईल.