बधिरांधांचे साहाय्य
बधिरांधांचे साहाय्य : दृष्टी व श्रवण या दोन्ही शक्ती नष्ट वा बऱ्याच क्षीण झालेल्या व्यक्तीस बधिरांध म्हणतात. अंधाची उणीव कानाने व बधिराची डोळ्याने काही अंशी भरून निघते. येथे तसे होत नाही, म्हणून केवळ अंधांसाठी वा केवळ बधिरांसाठी असलेली शिक्षणपद्धती अपुरी पडते. मुख्य आधार स्पर्शाचा. बॉस्टन येथे सॅम्युएल ग्रिडली हाउ यांनी १८३७ पासून लॉरा ब्रिजमन हिला वस्तूंवर चिकटविलेल्या उठावदार अक्षरांद्वारे भाषा शिकविली. ॲन सलिव्हन यांनी १८८७ मध्ये हेलन केलर हिच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी शब्द जुळविले. मुंबईत बधिर व बधिरांधांसाठी हेलन केलर संस्था १९७७ मध्ये स्थापन झाली. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात बधिरांधत्वाचा समावेश बहुविकलांगतेत आहे. तथापि कायद्याइतकीच निकड प्रशिक्षित स्पर्श-दुभाष्याची असते. तो नसल्यास प्रौढ बधिरांध घरातल्या माणसांतही एकाकी राहतो.